वेटिंग रूममधला बाक

बंद पडलेल्या स्टेशनात आता वाचनालय होणार होतं. वेटिंग रूममधले जुने बाक कापून पुस्तकांची कपाटं करायचं काम वहिनी आणि नणंद या दोघी सुतारणींनी घेतलं होतं. भर दुपारी वहिनीने करवत लावायला बाकावर हात टेकला आणि झटकन मागे घेतला.

“अगं, हा गरम लागतोय. आत्ताच कोणी उठून गेल्यासारखा.”

“उन्हाने तापला असेल.”

“इथे ऊन येतंच कुठे?”

“मग बसा आणि करा थंड!” नणंद हसत पाणी आणायला गेली.

वहिनी हट्टाने मधोमध बसली. दोन्ही बाजूंनी तिला कोणीतरी रेटू लागलं.

“उठा,” कानाशी कोणी खेकसलं, “ही जागा धरलेली आहे.”

ती धडपडत उठायला गेली, तेवढ्यात तिच्या मांडीवर कोणीतरी ऐसपैस बसलं.