कुठेही चालतो

धडक बसून संघाचा स्ट्रायकर पाय धरून खाली बसला आणि त्याच धडकेत डावीकडचा बचावपटूही लंगडायला लागला. बाकावरचा सुयोग तटकन उठला. अंगावरचं राखीव खेळाडूचं बिब काढता काढता त्याने प्रेक्षकांत बसलेल्या वडिलांकडे पाहिलं.

गुंडूआबा मुलाचा खेळ बघायला कोल्हापूरहून बहरीनला आले होते. उद्या त्यांचं परतीचं विमान होतं आणि सीझनचा हा शेवटचा सामना. ‘सुयोगचा गोल पाठवतो’ असं पेठेत सगळ्यांना सांगून ते निघाले होते, पण आजवर त्यांना मुलगा दिसला तो बाकावरच. आता तो उठलेला बघून त्यांनी मोबाईल समोरच्या गोलपोस्टवर रोखला.

सुयोग मूळचा फॉरवर्ड. आज आपल्याला पुढे पाठवावं, एवढंच त्याला हवं होतं. पण मागायचं कसं? कोल्हापुरात ज्या तालमीच्या फुटबॉल संघात तो वाढला, तिथे जागा मागायची रीत नव्हती. वस्ताद बोट दाखवतील तिथे मुकाट उभं राहायचं. मागेल तो शेफारलेला. हे वळण आबांनीच लावलेलं, आणि त्याच्याच जोरावर गडी परदेशात टिकला. बचावात माणूस कमी पडला, बोलवा सुयोगला. मधल्या फळीत कुणी आजारी पडलं, बोलवा सुयोगला. करार दरवर्षी वाढायचा आणि फॉरवर्डची जागा दरवर्षी दुसऱ्या कुणाला तरी मिळायची.

कोचने नवख्या जासिमला पुढे पाठवलं आणि सुयोगला डावीकडे मागे जायची खूण केली.

“कोच,” सुयोग चाचरत म्हणाला, “आज मैं आगे खेलूँ? मेरा फादर आया है.”

“जासिम को पीछे खेलना नहीं आता,” कोच म्हणाला. “तुमको आता है. यल्ला!”

सुयोग मागे गेला. वाईट खेळला असता तर निदान राग तरी काढता आला असता. पण तो झकास खेळला. त्याच्याच लांब पासवर जासिमने गोल मारला आणि सगळे जासिमच्या अंगावर जाऊन पडले. आबांचा मोबाईल तेव्हा भलतीकडेच होता. ते मैदानात मुलाला शोधत होते.

सामना संपल्यावर कोचने सुयोगच्या खांद्यावर हात टाकला.

“नेक्स्ट इयर भी तुम इधर, इंशाल्ला. दूसरा गोलकीपर जा रहा है. तुम ग्लव्ह्ज पहनेगा?”

नाही म्हणायचं असतं, हे सुयोगला कळत होतं. एकदा ते हातमोजे चढले की पुढे खेळायचं कायमचं संपलं, हेही कळत होतं.

“पहनेगा,” तो म्हणाला. कोच खूश होऊन निघून गेला.

तेवढ्यात आबा कुंपणाच्या जाळीपाशी येऊन पोचले.

“काय म्हणत हुता रं सायेब?”

“पुढच्या वर्षाचं पक्कं झालं, आबा.”

“मग तोंड कशाला पाडलंयस?” आबांचा चेहरा उजळून निघाला होता. जाळीतून बोटं घालून त्यांनी मुलाचा हात धरला. “यंदाचं ऱ्हाऊ दे. पुढच्या साली परत येतो की. तवा तुझा गोल बघितल्याबिगर हितनं हलतच न्हाई बघ.”

“या, आबा,” सुयोग म्हणाला.