तोफ

वहिनींच्या धाकट्या दिराला सारी आळी ‘तोफ’ म्हणे. समुद्रकाठच्या टोलेजंग वसाहतीपायी राहतं घर जाणार, म्हणून सुनावणीत हरकत नोंदवायला वहिनींनी त्यालाच पुढे केलं.

“वहिनी, बघाच! बिल्डरची बोबडी वळवतो,” भाऊजींनी आठवडाभर आरशासमोर गर्जना केली.

सुनावणीत नाव पुकारताच बिल्डरनेच उठून आपली गादीची खुर्ची त्यांच्यापुढे सरकवली. “दादा, आधी चहा घ्या, मग मला हव्या तेवढ्या शिव्या घाला. चालेल ना?”

तोफेची दारू तिथेच भिजली. गोळा आला तो मागच्या बाकावर, वहिनींच्या पोटात.

“हरकत नाही,” भाऊजी खुर्चीत रेलत म्हणाले.



“लिहून घ्या,” सुनावणी घेणारे साहेब कारकुनाला म्हणाले, “आणि पुढचं नाव पुकारा.”