उजवा कोपरा

मानसीच्या गुडघ्याच्या ऑपरेशननंतरची ही पहिलीच फुटबॉल मॅच होती. बचाव जमला नाही तर क्लब करार वाढवणार नव्हता. शेवटच्या मिनिटाला समोरच्या संघाची पोर बॉल घेऊन सुसाट निघाली. मध्ये उरली फक्त मानसी, पण ती एकेक पाऊल मागे सरत होती. “वाट लागली, घाबरली ही,” प्रेक्षकांत बसलेला तिचा बाप सुशांत पुटपुटला. “गप रे. कोपऱ्यात नेतेय ती तिला,” त्याच्या आई जानकीबाई म्हणाल्या. लग्नाआधी त्यांनी भांडुपच्या मैदानात सहा वर्षं कबड्डीत उजवा कोपरा सांभाळला होता. चढाईला आलेलीला असंच आत येऊ द्यायचं, मग धरायचं. रेषेजवळ पोरीला जागाच उरली नाही, तसा मानसीने पाय घातला. बॉल बाहेर गेला, मॅच संपल्याची शिट्टी वाजली. प्रशिक्षकबाईंनी तिला उचलूनच घेतलं. “आई, तुला फुटबॉल कधीपासून कळतो?” “फुटबॉल नाही कळत. पाय कळतात.”