म्हसोबाला नारळ

सप्ताहातल्या कीर्तनात महाराजांनी सांगितलं, म्हसोबा म्हणजे देवीनं मारलेला महिषासुर. राक्षसाला कसले नैवेद्य दाखवता? भगवंतला ते लगेच पटलं. न पटायला काय झालं? त्याच्या कांद्याच्या वावरात मधोमध म्हसोबाचा शेंदरी धोंडा होता आणि दर खेपेला ट्रॅक्टरला वळसा पडायचा.

सकाळीच त्यानं जेसीबी बोलावला. ड्रायव्हर सावळेरामनं धोंड्यापुढं नारळ फोडला, "देवा, चुकलं माकलं पोटात घाल," म्हणाला आणि वर चढून मशीन चालू केलं.

भगवंत हसला. "नारळ फुकट घालवलास, राव. देव न्हाई त्यो. राक्षस हाय."

सावळेरामनं मशीन बंद केलं. खाली उतरला, चपला काढल्या आणि धोंड्यापुढं आडवाच पडला.

"आरं, देव म्हणून उचलाय निघाला व्हतास, आन् राक्षस म्हणल्यावर पाया पडतोस?"

"रस्त्याच्या कामात लई देव उचललेत, भाऊ. माफी मागितली का देव माफ करतो. राक्षस कशाला करंल?"