मागचा हीटर

जुनी व्हॅन घेऊन आम्ही नवरा-बायको तिचं फिरतं घर करत होतो. मागच्या सीटखालचा हीटर माझ्या डोळ्यात खुपत होता. तो काढला की तिथे पाण्याची टाकी फिट्ट बसणार होती.

"आपण दोघं तर पुढेच बसणार. मागे काय भांडी शेकायचीत?" मी पाना घेऊन सरसावलो.

"मागचं काही काढायचं नाही," बायको म्हणाली. मग स्वतः गाडीखाली उताणी शिरून तिने टाकी खालच्या बाजूला अशी चपखल बसवली, की मी गुपचूप पाना खाली ठेवला. हिच्यापुढे कोणाचं चाललंय!

निघालो त्या सकाळी कडाक्याची थंडी होती. गाडी हीच चालवत होती. हमरस्ता सोडून तिने गाडी थेट माझ्या आईच्या दारात नेली. आमच्या लग्नापासून आईने हिचं तोंड पाहिलं नव्हतं. आणि आज ती बॅग घेऊन पायरीवर उभी होती!

आई अवघडून मागे बसली.

"अगं, तेव्हा मी तुला नको नको ते बोलले..."

बायकोने आरशातून मागे पाहिलं.

"आई, मागचं काही काढायचं नाही. पाय हीटरपाशी घ्या."