अक्काला स्पॅनिशमध्ये काय म्हणायचं

ऋतुजाच्या स्पॅनिशच्या वहीत 'एर्माना' या शब्दापुढं 'बहीण' लिहिलं होतं आणि त्याच्यापुढं कंसात 'जगदेवी'. रामलिंगनं पेन काढलं आणि ते नाव गिरबटून टाकलं.

"अक्का म्हणजे तुझी आई, माझी सासू. सुएग्रा. बस्स," तो बायकोला म्हणाला. "एर्माना हा शब्द तिच्या कानावरच घालू नको."

"घातला की. पाठ बी झालाय तिचा."

रामलिंगनं कपाळाला हात लावला. पंधरा दिवसांनी त्याला बायको आणि पोरीला घेऊन नोकरीसाठी स्पेनमधल्या व्हॅलेन्सियाला जायचं होतं. आज दुपारी चारला तिकडचा साहेब बायकोसकट व्हिडिओ कॉलवर येणार होता, घरच्यांची ओळख करून घ्यायला. मामानं भाचीशी लग्न करणं निलंग्याकडं कुणाला वावगं वाटत नाही. ऋतुजा ज्याला मामा म्हणत होती, त्यालाच अक्षता पडल्यावर अहो म्हणायला लागली, आणि भावकीनं पोटभर जेवून आशीर्वाद दिले. पण साहेबाच्या बायकोनं नाक मुरडलं तर, या धास्तीनं रामलिंगची अन्नावरची वासना उडाली होती. तेव्हा बायकोची आई आपली बहीण नाही, असं त्यानं परस्पर ठरवून टाकलं.

लातुरात बारावीच्या क्लासचे बोर्ड खांबाखांबावर. स्पॅनिशचा क्लास मात्र ऋतुजाला मोबाइलवर लावावा लागला होता. शेजारी मेथी निवडत बसून जगदेवीनं शब्दांची निम्मी यादी उचलली. नवरा, विधवा, म्हातारपण, सगळं तोंडपाठ. आई वारली तेव्हा रामलिंग दीड वर्षाचा होता आणि ती तेरा वर्षांची. त्याला कडेवर घ्यायला म्हणून सुटलेली शाळा तिला आता मोबाइलात सापडली होती, आणि तिला त्याचं फार अप्रूप वाटत होतं.

"सासू काय, पोरगी दिली की कुणी बी होतंय," ती ऋतुजाला म्हणाली. "मी आधी त्याची बहीण हाय. त्या लोकांपुढं त्यानं मला तेवढं एकदा म्हणावं. दुसरं काय मागायले का मी?"

ऋतुजानं वही मिटली. नवऱ्यानं नाव खोडलंय हे सांगायची तिची छाती झाली नाही.

चारला जगदेवी ठेवणीतली इरकल नेसून, कपाळाला विभूती लावून, चार वर्षांच्या नातीला, शिवन्याला, मांडीवर घेऊन लॅपटॉपसमोर बसली. साहेब हसला, साहेबाची बायको हसली. रामलिंगनं ऋतुजाची ओळख करून दिली, पोरीची करून दिली. मग ती बाई पडद्याच्या जवळ आली आणि जगदेवीकडं निरखून बघू लागली. रामलिंगचंच धारदार नाक, हनुवटीवर तीच खळी. आंधळ्यालाही कळलं असतं.

"एस तू एर्माना?" बाईनं कौतुकानं विचारलं.

जगदेवीला तो एवढा एकच शब्द कळला, आणि तिचा चेहरा असा उजळला की ऋतुजाला तिच्याकडं बघवेना. ती होय म्हणायला पुढं सरकली. रामलिंगनं तिच्या पुढ्यातून लॅपटॉप हळूच आपल्याकडं वळवला. एवढा सारखा चेहरा बघितल्यावर सुएग्रा म्हणायचीही सोय उरली नव्हती.

"नो, नो," तो हसत म्हणाला. "क्रियादा."

बाई "आह" म्हणाली आणि हवापाण्याबद्दल बोलू लागली. पडद्यावर जगदेवीचा आता नुसता कोपर दिसत होता.

कॉल संपेपर्यंत ती तशीच बसून राहिली. मग लेकीला म्हणाली, "त्यो न्हाई म्हणला ना गं? ती बाई बहीण म्हणायली, आन् ह्यो न्हाई म्हणला. मंग कोण म्हणला मला?"

रामलिंग चार्जरची वायर गुंडाळत होता. गुंडाळून झालेली वायर त्यानं सोडली आणि पुन्हा गुंडाळायला घेतली.

वहीत नात्यांच्या धड्याच्या शेवटी 'क्रियादा' हा शब्द होता. त्याच्यापुढं ऋतुजानं स्वतःच्या हातानं लिहिलं होतं, मोलकरीण. हा शब्द मुळात 'वाढवणं, लहानाचं मोठं करणं' यातून आलाय, असं क्लासच्या बाईंनी सांगितलेलं तिला आठवलं. तिला नवऱ्याची किळस आली. पण जायचं होतंच, आणि त्याच्याच सोबत जायचं होतं.

"बहिणीहून मोठा शब्द हाय त्यो, माय," ती म्हणाली. "लहानाचं मोठं करणारी."

जगदेवीनं भावाकडं बघितलं. "खरं का रे?"

"हाव अक्का," रामलिंग वायरीकडं बघत म्हणाला. "तसंच हाय."

जगदेवीच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. तिनं पदरानं तोंड पुसलं, दोन्ही हात भावाच्या गालांवरून फिरवून कानशिलावर बोटं मोडली. "ध्यानात ठेवलास रे," एवढंच म्हणाली. मग मांडीवरच्या नातीला तिनं जवळ ओढलं.

"आजपासून मला आज्जी म्हणायचं न्हाई. तुझ्या बापानं म्हणलं, तेच म्हणायचं. काय म्हणशील?"

"क्रियादा!" पोरगी पहिल्याच फटक्यात, थेट साहेबाच्या बायकोच्या सुरात म्हणाली. "क्रियादा, मला दूध आण."

"आणते गं माझी माय," म्हणत जगदेवी लगबगीनं उठली.