एकतीस होमरन

"झेल," रसेल हॉफने तक्ता बघून सांगितलं. "पुन्हा बाद."

डेलमार प्रुइटने फासे गोळा केले. अमेरिकेतल्या आयोवा राज्यातल्या त्यांच्या छोट्या गावाचा १९६३चा बेसबॉल संघ गावातल्याच आकडेवेड्या रसेलने खेळायच्या पत्त्यांवर उतरवला होता. प्रत्येक खेळाडूचा एक पत्ता. फासे टाकायचे, पत्त्यावरचा तक्ता सांगेल तो फटका बसला असं मानायचं. त्या उन्हाळ्यात डेलमारने एकतीस होमरन, म्हणजे थेट कुंपणापार गेलेले फटके, मारले होते. आज, चौऱ्याऐंशीव्या वर्षी, ग्रंथालयाच्या खोलीत जमलेल्या गावकऱ्यांपुढे तो स्वतःच्याच पत्त्यावर खेळत होता. तीन डाव झाले, एकही होमरन नाही.

"अहो, फासे नीट हलवा तरी," त्याची बायको अर्लीन म्हणाली.

"फाशांचा दोष नाही," रसेल सगळ्यांना ऐकू जाईल असा बोलला. "आपलं जुनं मैदान उजवीकडे फारच तोकडं. डावखुऱ्याचे फटके तिकडेच जातात, नुसती बॅट लावली तरी चेंडू कुंपणापार. मिस्टर प्रुइट, ते होमरन मैदानाचे. मी ते वजा केले. तुमचे खरे नऊच."

मागे कुणीतरी फिसकन हसलं. डेलमारने आपला पत्ता उलटा ठेवला.

"असेल बाबा," तो म्हणाला आणि टोपी घेऊन उठला.

सोमवारी पत्त्यांवर लावायला रसेल जुने फोटो चाळत होता. एका फोटोत डेलमार बॅट फिरवत होता, उजव्या हाताने. हा माणूस डावखुरा नव्हताच; रसेलने ते न तपासताच धरलं होतं. याचे फटके डावीकडे जायचे आणि तिथलं कुंपण कोसभर लांब. मैदानाने त्याला एकही होमरन दिला नव्हता, उलट कितीतरी गिळले होते. नवा हिशेब एक्केचाळीसवर गेला.

तो तडक त्यांच्या घरी गेला. अर्लीनने दार उघडलं, पण 'ये' म्हणाली नाही. डेलमार आत दाराजवळच मक्याची कणसं सोलत बसला होता. रसेलने उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. मान वर करायची त्याची हिंमत होईना.

"तुम्ही तिथेच का नाही बोललात? उजव्या हाताने खेळायचात हे तुम्हाला आठवत असेलच की!" त्याने विचारलं.

"आठवत होतं रे," डेलमार म्हणाला. "पण तू आकडे घेऊन बसलेला. मला वाटलं, आपल्यालाच चुकीचं आठवतंय, संपलं, डोकं कामातून गेलं. उद्या डॉक्टरकडे जायचं ठरलंय."